नोटीस येण्याआधी

जालन्याचा धंदा उधारीवर उभा आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मोंढ्यातला आडत्या हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याला उचल देतो. भंगाराचा व्यापारी फर्नेसवाल्याकडे वायद्यावर गाडी रिकामी करतो, फर्नेसमधलं बिलेट रोलिंग मिलला जातं, मिलची सळई डीलरकडे आणि तिथून बांधकामावर. पैसा याच वाटेने उलटा यायचा असतो. बियाण्याच्या धंद्यातही तेच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको उभी केली आणि जालना बियाण्याचं गाव म्हणून देशभर ओळखलं जाऊ लागलं. पण कंपनीपासून तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रापर्यंत आणि तिथून भोकरदन-मंठ्याच्या शेतकऱ्यापर्यंत माल आधी पोचतो, पैसा पाऊसपाणी बघून मागून येतो. अंबड-घनसावंगीकडची मोसंबी फळगळीने गेली की त्या वर्षी ठिबकच्या दुकानाची उधारीही अडकते.

बहुतेक वर्षी ही देवघेव निभावते. ज्या वर्षी निभावत नाही, त्या वर्षीची गोष्ट या पुस्तकात आहे. मोठं गिऱ्हाईक हात वर करतं, लोखंडाचे भाव कोसळतात, विजेचं बिल साचतं, कॅश क्रेडिटचं खातं मर्यादेला टेकतं. अशा वेळी धंदेवाला माणूस आधी घरात, मग मेहुण्याकडे किंवा व्याह्याकडे, मग सीएकडे, मग बँकेच्या मॅनेजरकडे आणि पुष्कळदा खाजगी सावकाराकडे जातो. वकिलाकडे तो सगळ्यात शेवटी येतो, तोही ताब्याची नोटीस शेडच्या फाटकाला चिकटल्यावर. हा क्रम बदलावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. माझं सांगणं एकच आहे: अडचणीतल्या धंद्याला वकील लागतो तो नोटीस येण्याआधी, आणि त्या वेळी त्याचं काम भांडण्याचं कमी, वेळ राखण्याचं जास्त असतं.

उशीर होण्यामागची भीती मला समजते. जालन्याची बाजारपेठ लहान आहे, बोलणं लगेच पसरतं. अमक्याने वकील गाठला, असं मोंढ्यात कळलं की दुसऱ्या दिवशी माल टाकणारा रोकड मागतो आणि येणेकरी दुकानात येऊन बसतात. ही भीती खोटी नाही. पण ज्यांच्याकडे आपण आधी मन मोकळं करतो, त्यांचा विचार करा. मेहुण्याला सांगितलेलं त्याच्या घरी पोचतं. बँक मॅनेजरला दिलेली कबुली फाइलला लागते. वकिलाला त्याच्या कामाच्या ओघात सांगितलेली गोष्ट मात्र पक्षकाराच्या संमतीशिवाय बाहेर काढायला कायद्याने मनाई आहे. हे संरक्षण जुन्या पुरावा कायद्यात होतं आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. त्याला अपवाद दोनच: बेकायदेशीर हेतूसाठी केलेली चर्चा, आणि काम हाती घेतल्यानंतर घडलेला गुन्हा किंवा फसवणूक वकिलाच्या नजरेस येणं. म्हणजे ज्याच्याकडे आपण सर्वांत शेवटी जातो, गुपित राखण्याचं कायदेशीर बंधन सर्वांत जास्त त्याच्यावरच असतं.

आता दिवसांचा हिशोब. कर्जाचा हप्ता थकला की बँकेच्या दप्तरात मोजणी सुरू होते. तीस दिवसांपर्यंत खातं एसएमए-शून्य (एसएमए म्हणजे विशेष लक्ष ठेवायचं खातं), साठपर्यंत एसएमए-एक, नव्वदपर्यंत एसएमए-दोन, आणि नव्वद ओलांडले की एनपीए. बाजारात एनपीए हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीचे तीन टप्पे फार थोड्यांना ठाऊक असतात, आणि कायदा लहान उद्योजकाला सर्वांत जास्त सवड देतो ती नेमकी त्या तीन टप्प्यांत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्राने २९ मे २०१५ रोजी एक आराखडा जाहीर केला आणि रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०१६ रोजी त्यावर बँकांना निर्देश दिले. पंचवीस कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी बँकेने समिती नेमायची, खातं एनपीए होण्याआधीच अडचण ओळखायची आणि हप्ते पुढे ढकलणं, कर्जाची पुनर्रचना असे मार्ग तपासायचे, असं त्यात आहे. बँका हे पाळत नाहीत, अशी तक्रार घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेलेलं प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १ ऑगस्ट २०२४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की हे निर्देश बँकांवर बंधनकारक आहेत. पण त्याच निकालाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आपण लघुउद्योग आहोत हे कागदपत्रांनिशी बँकेपुढे मांडण्याची जबाबदारी उद्योजकाचीही आहे, आणि तीही खातं एनपीए होण्याआधी. तोवर गप्प राहून, वसुलीची सगळी कारवाई होऊ देऊन, मग हा मुद्दा काढता येणार नाही.

या निकालाचा अर्थ जालन्याच्या एमआयडीसीतल्या माणसासाठी इतकाच, की उद्यम नोंदणीची प्रत आणि अडचणीची कारणं जोडून केलेला एक वेळेवरचा अर्ज त्याचं शेड वाचवू शकतो. हा अर्ज लिहायला एखाद्या दिवसाचं काम पुरतं. पण तो नव्वद दिवसांच्या आत लिहायला हवा हे ज्याला माहीत आहे, असा माणूस त्या नव्वद दिवसांत आपल्या शेजारी बसलेला असावा लागतो.

खातं एनपीए झालं, की बँकेला न्यायालयात न जाता गहाण मिळकतीवर वसुली करू देणारा २००२ चा सर्फेसी कायदा पुढे येतो. कलम १३(२) ची नोटीस येते, साठ दिवसांची. आपल्याकडे ही नोटीस कपाटात ठेवण्याची रीत आहे, कारण साठ दिवस पुष्कळ वाटतात. त्या मुदतीत कर्जदाराला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. मार्डिया केमिकल्सच्या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्जदाराचं म्हणणं ऐकून घेण्यावर भर दिला आणि त्यानंतर ही तरतूद कायद्यात आली. व्याजाची आकारणी चुकली आहे, भरलेली रक्कम जमा दिसत नाही, गहाण मिळकतीचं वर्णन वेगळं आहे, यांपैकी जे काही असेल ते तिथेच लिहायचं. पुढे प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात गेलं तर हेच पत्र सर्वांत आधी पाहिलं जातं. बँकेने ताब्याचं पाऊल उचललं की पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. आपल्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे, तासा-दीड तासाच्या अंतरावर. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मदत घेता येते, आणि तलाठी-पोलीस घेऊन लोक दारात आले की शेजारीपाजारी बघतात, ती वेळ येते. तोपर्यंत पंचेचाळीसातले किती दिवस गेले हे पुष्कळांनी मोजलेलंच नसतं.

शेतजमिनीबद्दल एक गैरसमज इथे दूर करायला हवा. सर्फेसीखाली शेतजमिनीवर कारवाई करता येत नाही, हे खरं. म्हणून जमीन पूर्ण सुरक्षित आहे, हे खरं नाही. अकृषिक झालेला भूखंड या सवलतीत येत नाही. सातबाऱ्यावर शेती आणि जागेवर गोदाम, अशी स्थिती असेल तर वाद होतो. आणि सर्फेसी सोडून वसुलीचे दुसरे मार्ग उरतातच. सहकारी बँकेचं कर्ज असेल तर सर्फेसी लागू नाही, असंही बरीच वर्षं सांगितलं जात होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो प्रश्न निकाली काढला: सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो. पतसंस्थेची वाट वेगळी. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी जप्तीला येतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. त्यामुळे निबंधकापुढे सुनावणी चालू असतानाच म्हणणं नीट मांडणं भाग आहे. राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी बँक आणि पतसंस्था, तिघांचंही कर्ज एकाच माणसावर असतं, आणि तिन्हीकडे कामाची पद्धत वेगळी. दिवाणी न्यायालयात उत्तम काम करणारा वकील सहकाराच्या कलमांत नवखा असू शकतो. त्याला तसं विचारायला संकोच करू नये.

वसुलीचे फटके मोठ्या संस्थांनाही बसतात. रामनगरचा जालना सहकारी साखर कारखाना कर्जापायी राज्य सहकारी बँकेने विकला आणि त्या व्यवहाराचा वाद पुढे अंमलबजावणी संचालनालयापर्यंत गेला. कारखान्याची चर्चा जिल्हाभर झाली. लहान मिल किंवा जिनिंग गेली तर तिची बातमी होत नाही, पण तिथे काम करणाऱ्या माणसांची चूल तितकीच थंड पडते.

दिवाळखोरी या शब्दाला आपण इतके घाबरतो की कायद्यात त्याचा अर्थ संरक्षण असा आहे, हे लक्षातच येत नाही. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या त्या दंग्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांत शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी तुरुंगात टाकणं या कायद्याने बंद केलं, न्यायाधीशाला कर्जाचा मूळ इतिहास तपासायला लावला आणि कर्जबाजारी शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची सोय दिली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केलं, गावोगाव जाऊन खटल्यांची तपासणी केली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला नाही.

स्वतंत्र भारतात १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं की केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोला तुरुंगात पाठवता येत नाही. ऐपत असून बुडवणं वेगळं आणि ऐपतच नसणं वेगळं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तर मला कायद्यातल्या सर्वांत माणुसकीच्या कलमांपैकी एक वाटतं. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असे दागिने जप्त होऊ शकत नाहीत. मंगळसूत्र जाईल या भीतीने रात्र रात्र जागणाऱ्या घरांपर्यंत हे कलम पोचलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वकील कोणता शोधायचा हे धंद्याच्या स्वरूपावर ठरतं. आडत, किराणा, कृषी सेवा केंद्र, वाहतूक, हे बहुतेक धंदे एकट्या मालकाचे किंवा भागीदारीचे असतात. तिथे धंद्याचं कर्ज म्हणजे मालकाचं स्वतःचं कर्ज, आणि भागीदारीत प्रत्येक भागीदार पूर्ण रकमेला बांधलेला. भाग चार आण्यांचा असला तरी येणेकरी सोळा आणे त्याच्याकडे मागू शकतो. अशा व्यक्तींच्या नादारीसाठी २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला भाग अजून सर्वसाधारणपणे लागू झालेला नाही. त्यामुळे ब्रिटिश काळातले कायदे चालू आहेत: मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि बाकी प्रांतांसाठी १९२० चा. १९२० च्या कायद्यात अर्ज करायला पाचशे रुपयांच्या देण्याची अट अजून तशीच आहे, आणि काम जिल्हा न्यायालयापुढे चालतं. मराठवाडा निजामाकडून आलेला असल्यामुळे इथे कोणता कायदा कोणत्या दुरुस्तीसह चालतो, हा वकिलाला पहिल्याच भेटीत विचारण्याजोगा प्रश्न आहे. जो त्याचं उत्तर तपासून देतो, त्याच्या बाकीच्या सल्ल्यावरही भरवसा ठेवता येतो. नादारीला किंमतही आहे. मिळकत न्यायालयाच्या ताब्यात जाते, आणि मुक्तता मिळेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही, ग्रामपंचायतीचीसुद्धा. गावच्या राजकारणात असलेल्या माणसाला ही गोष्ट अर्जावर सही करण्याआधी कळायला हवी.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर सगळंच बदलतं. संहितेचा कंपन्यांबाबतचा भाग १ डिसेंबर २०१६ पासून लागू आहे, आणि आपल्या कंपन्यांसाठी त्याचं वेगळं न्यायाधिकरण आहे, मुंबईत, कफ परेडला. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, तिने प्रवास सोपा झाला, पण तारखांचा खर्च उरतोच. अर्ज करायला किमान एक कोटीची थकबाकी लागते. आधी ही मर्यादा एक लाख होती, ती २४ मार्च २०२० ला वाढवली. माल पुरवणाऱ्याने मागणीची नोटीस पाठवली तर उत्तराला दहाच दिवस मिळतात. मालाच्या दर्जाबद्दल किंवा वजनाबद्दल खरा वाद असेल आणि तो नोटिशीच्या आधीपासूनचा असेल, तर त्याचे पुरावे या दहा दिवसांत मांडावे लागतात. सळईच्या धंद्यात वजनाचे वाद फोनवर मिटवले जातात, लिहून ठेवले जात नाहीत, आणि दहा दिवसांत त्यांचा कागद तयार होत नसतो. अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून जातो आणि दिवाळखोरी व्यावसायिकाकडे येतो. हा व्यावसायिक आपला वकील नव्हे, हे नीट समजून घ्यावं. तो प्रक्रियेचा माणूस असतो. मालकाची बाजू मांडायला वेगळा वकील लागतोच.

कागदोपत्री हक्क असणं आणि हातात पैसे पडणं यांतलं अंतर बघायचं असेल तर फार लांब जायला नको. संभाजीनगरजवळच्या चितेगावच्या व्हिडिओकॉनची दिवाळखोरी प्रक्रिया २०१८ मध्ये सुरू झाली. जून २०२१ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने जी योजना मंजूर केली, तीत सुमारे ६४,८३८ कोटींच्या दाव्यांपोटी सुमारे २,९६२ कोटी मिळणार होते. माल आणि सेवा पुरवणाऱ्यांच्या वाट्याला त्यांच्या दाव्याचा एक टक्काही येत नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. पण मोठा खरेदीदार बुडाला की पुरवठादाराची जागा रांगेत किती मागे असते, हे त्या आकड्यांनी मराठवाड्यातल्या पुरवठादारांना दाखवून दिलं. म्हणून येणं वेळेत वसूल करणं हीच दिवाळखोरीविरुद्धची पहिली तटबंदी. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान पुरवठादाराला जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. नाही मिळाले तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधी झालेली असावी, म्हणजे वादाला जागा राहत नाही. बिलावर मुदत आणि व्याज छापणं, भागीदारीचा करार लिहून घेणं, डीलरची मर्यादा ठरवणं, ही धंद्याच्या वकिलाची साधी कामं आहेत आणि धंदा चालू असतानाच करायची आहेत.

लघुउद्योगातल्या कंपन्यांसाठी २०२१ मध्ये दिवाळखोरी संहितेत प्री-पॅकेज्ड पद्धत आली. दहा लाखांच्या थकबाकीपासून ती वापरता येते, कारभार मालकाच्या हातात राहतो, आणि तडजोडीची योजना मालकच येणेकऱ्यांपुढे आधी मांडतो. देशात तिचा वापर थोडा झाला आहे. आपल्याकडच्या किती सल्लागारांनी ती पर्याय म्हणून पक्षकारापुढे ठेवली असेल, याची मला शंका आहे.

आता जामीनकीकडे येतो, कारण या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण तिचंच आहे. कंपनी केली म्हणजे घर वेगळं राहिलं, अशी समजूत असते. पण बँक कर्ज देताना संचालकाची, त्याच्या बायकोची, भावाची आणि कधी वडिलांचीही वैयक्तिक हमी घेते. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कंपनीकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं त्याला म्हणता येत नाही. कंपनीला दिवाळखोरीत मिळणारी स्थगिती जामीनदाराला मिळत नाही. कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांसाठी मात्र संहितेचा व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ ला ललितकुमार जैन प्रकरणात तो वैध ठरवला. कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून जामीनदार आपोआप सुटत नाही, हेही त्याच निकालात आहे. धनादेशाचं तसंच. शाह ब्रदर्स इस्पात या पोलाद पुरवठादाराच्या प्रकरणात १ मार्च २०२१ ला न्यायालयाने सांगितलं की स्थगितीच्या काळात कंपनीवरचा चेक न वटल्याचा खटला थांबतो, पण सही करणाऱ्या संचालकावरचा थांबत नाही.

हमीपत्रावर सही करणाऱ्या बाईला तो कागद वाचून दाखवला जात नाही. मुलाच्या कारखान्यासाठी बापाने घर गहाण दिलेलं असतं आणि त्याला वाटतं आपण फक्त साक्षीदार आहोत. वकील नेमायचा विचार होतो तोही कंपनीसाठी, घरातल्या जामीनदारांसाठी नाही. जामीनदाराचे बचावाचे मुद्दे वेगळे असतात: त्याला न विचारता कर्जाची मर्यादा वाढवली का, करार बदलला का, हमी किती रकमेची होती. कधी कधी त्याचं हित मूळ कर्जदाराच्या हिताविरुद्ध जातं. तेव्हा एकाच घरात दोन वकील लागले तरी त्यात कुटुंब फुटल्याचं काही नाही.

वकील नेमतानाच्या काही गोष्टी. त्याची सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची असते आणि ती विचारण्यात अपमान नाही. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे फलकावर कर्जमुक्तीची हमी देणारा बहुधा वकील नसतोच. निकालावर टक्का ठरवणंही वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी बंद आहे. जो तडजोडीच्या रकमेत वाटा मागतो, त्याच्याकडून उठून यावं. फी टप्प्याटप्प्याने ठरवावी: हरकतीचं पत्र, न्यायाधिकरणातला अर्ज, स्थगिती, अपील. ती लिहून घ्यावी आणि पावती घ्यावी. तो आपल्याच बँकेच्या पॅनेलवर आहे का, किंवा आपल्या एखाद्या येणेकऱ्याचं काम बघतो का, हे आधी विचारावं. जालन्यासारख्या गावात असं असणं साहजिक आहे, आणि ते सांगणं त्याचं कर्तव्य आहे. मूळ कागद शक्यतो स्वतःकडे ठेवावेत. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवलं आहे. त्याच न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालानंतर वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, बार कौन्सिलकडे मात्र तक्रार करता येते. तेव्हा निवडीच्या वेळीच जपावं.

मला स्वतःला तो वकील भरवशाचा वाटतो, जो पहिल्या भेटीत काय जाणार आहे हे सांगतो. शेड जाईल पण घर वाचेल, किंवा घर वाचवायचं तर एक प्लॉट आपणहून विकावा लागेल, असं स्पष्ट बोलणारा. रोज तारीख पाडत राहणं हा सल्ला नव्हे. व्याज त्या तारखांनाही चालू असतं.

त्याच्यासमोर यादी मात्र खरी ठेवायला हवी. मंजुरीपत्र, गहाणखत, हमीपत्र, खातेउतारे, स्टॉक स्टेटमेंट, जीएसटीची विवरणपत्रं, आणि हातउसन्या रकमांसकट सगळ्या देण्यांची यादी. सावकाराला दिलेले कोरे चेक आणि कर्जापोटी करून दिलेलं खरेदीखत लपवलं जातं, तेच आधी सांगायचं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे. आणि संकट दिसताच शेत मुलाच्या नावावर करणं, एकट्या मेहुण्याचे पैसे आधी फेडणं, हे करू नये. असे व्यवहार कायदा मागे जाऊन तपासतो, रद्द करतो, आणि प्रामाणिक माणसाला फसवणारा ठरवायला तेवढं निमित्त पुरतं.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक नोटिशीचा नमुना, तिची मुदत आणि तिला द्यायच्या उत्तराचा आराखडा दिला आहे. कायदे बदलत राहतात, म्हणून कोणतंही उत्तर पाठवण्याआधी ते वकिलाला दाखवावं. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी हे पुस्तक मिटून ठेवत असेल, तर त्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आधी जावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. नवऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या बायकोलाही तो हक्क आहे, आणि त्यासाठी तिला नवऱ्याच्या सहीची गरज नाही.